जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या कम्युनिटी व एंटरप्राइझ आवृत्त्या : हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

प्रवेशप्रक्रिया, परीक्षा अर्ज, ग्रंथालयाची तालिका, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, प्रबंधांचे संग्रह ही महाविद्यालयांतील कामे गेल्या दोन दशकांत कागदावरून संगणकावर आली. या कामांसाठी आज्ञावली निवडताना पुरवठादाराच्या प्रस्तावात अनेकदा एक पर्याय समोर येतो : ‘कम्युनिटी एडिशन’ घ्यावयाची की ‘एंटरप्राइझ एडिशन’. पहिलीची किंमत शून्य असते, दुसरीसाठी वर्षागणिक रक्कम भरावी लागते. खरेदी समितीत यावर साधारणतः दोन मते उमटतात. जे फुकट मिळते त्यासाठी पैसे का मोजावेत, हे एक. आणि जे फुकट मिळते ते कमअस्सलच असणार, हे दुसरे. ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून निर्माण झालेली आहेत. दोन आवृत्त्यांतील फरक हा वस्तूच्या प्रतीचा फरक आहे, असे दोन्ही बाजू गृहीत धरतात. वस्तुतः हा फरक मुख्यतः काळाचा आणि जबाबदारीचा आहे. प्रस्तुत लेखात जावा ॲप्लिकेशन सर्व्हर या एका उदाहरणाच्या आधारे हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील महाविद्यालये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. ग्रामीण महाविद्यालयात संगणक विभाग असला तरी स्वतंत्र सर्व्हर प्रशासक क्वचितच असतो. ते काम बहुधा प्रयोगशाळा सहायक किंवा तासिका तत्त्वावरील एखादे प्राध्यापक सांभाळतात. पुढील सर्व विवेचन या परिस्थितीच्या संदर्भात वाचावे.

ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे काय :

जून महिन्यात प्रवेश सुरू होतात तो दिवस डोळ्यांसमोर आणावा. एकाच वेळी शेकडो विद्यार्थी अर्ज भरत आहेत. अर्जाचा नमुना, शुल्काचा हिशेब, आरक्षणाचे नियम हे त्या महाविद्यालयाचे विशिष्ट काम आहे आणि ते प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञावलीत असते. परंतु त्याखाली काही कामे अशी असतात की ती प्रवेशाची असोत, बँकेची असोत वा रुग्णालयाची, सर्वत्र सारखीच असतात. डेटाबेसकडे जाणाऱ्या मर्यादित जोडण्या शेकडो विनंत्यांमध्ये वाटून देणे, आलेली व्यक्ती कोण व तिला काय पाहण्याचा अधिकार आहे हे तपासणे, संदेश रांगेत लावणे आणि व्यवहाराची अखंडता राखणे ही ती कामे होत. यांपैकी शेवटचे काम विशेष महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्याचे शुल्क जमा झाले आणि त्याच क्षणी वीज गेल्यामुळे जागा मात्र नोंदली गेली नाही, असे होता कामा नये. एक तर दोन्ही गोष्टी व्हाव्यात, नाही तर एकही होऊ नये. ही सामायिक कामे पार पाडणारी मधली यंत्रणा म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर होय.

ही यंत्रणा प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने बनविली असती, तर एका कंपनीच्या सर्व्हरसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चालली नसती. म्हणून सन मायक्रोसिस्टीम्सने १९९९ च्या डिसेंबरमध्ये जे-टू-ई-ई हे मानक प्रसिद्ध केले. पुढे त्यास जावा ई-ई असे नाव मिळाले आणि २०१८ पासून एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखाली ते जकार्ता ई-ई या नावाने ओळखले जाते. मानक एकच, सर्व्हर अनेक, अशी ही रचना आहे. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस आणि ग्लासफिश ही त्यांतील ठळक नावे. टॉमकॅट हा मात्र पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नव्हे. मानकातील काही भागच तो पुरवितो, आणि महाविद्यालयांच्या बहुतांश गरजा तेवढ्यावरही भागतात.

जेबॉसचा प्रवास :

हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला त्याच वर्षी, म्हणजे १९९९ मध्ये, मार्क फ्लरी या फ्रेंच अभियंत्याने एक मुक्तस्रोत सर्व्हर लिहावयास घेतला. त्याचे मूळ नाव ‘ईजेबॉस’. त्यातील पहिली तीन अक्षरे सन कंपनीच्या तंत्रज्ञानाच्या नावातील असल्याने त्यावर हरकत आली आणि पुढचे ‘ई’ गळून ‘जेबॉस’ हे नाव राहिले. वेबलॉजिक व वेबस्फिअर यांचे परवाने महागडे होते. जेबॉस एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली कोणालाही विनामूल्य उपलब्ध होता. २००४ मध्ये जेबॉस ४.० ला जे-टू-ई-ई १.४ चे अधिकृत प्रमाणपत्र मिळाले आणि ‘हौशी मंडळींचा प्रकल्प’ ही त्याची प्रतिमा पुसली गेली.

२००६ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने जेबॉस विकत घेतला. या कंपनीचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. रेड हॅटने लिनक्सच्या बाबतीत एक पद्धत आधीच रूढ केली होती : समुदायासाठी ‘फेडोरा’ आणि ग्राहकांसाठी ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’. तीच पद्धत २००७ मध्ये जेबॉसला लागू झाली. समुदायाची आवृत्ती ‘जेबॉस एएस’ आणि वर्गणीदार ग्राहकांची आवृत्ती ‘जेबॉस ईएपी’ असे दोन प्रवाह झाले. तोवर एकच जेबॉस होता. कंपनी सल्ला, प्रशिक्षण आणि साहाय्य विकत असे, वस्तू मात्र सर्वांना एकच मिळे. विभाजनानंतर नावांचा इतका घोटाळा झाला, की कोण कोणत्या जेबॉसविषयी बोलत आहे हे जाणकारांनाही विचारून घ्यावे लागे. अखेर एप्रिल २०१३ मध्ये समुदायाच्या आवृत्तीस ‘वाइल्डफ्लाय’ हे स्वतंत्र नाव देण्यात आले. वाइल्डफ्लाय ८ ही त्या नावाची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २०१४ मध्ये बाहेर पडली.

दोन आवृत्त्यांतील नेमका फरक :

सोयाबीनचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडते. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने शेतकरी मागील हंगामातील दाणे राखून ‘घरचे बियाणे’ पेरू शकतो. दुसरा शेतकरी त्याच वाणाची महाबीजची पिशवी आणतो. वाण एकच. मग पिशवीचे पैसे कशाचे? क्षेत्र तपासणीचे, प्रयोगशाळेतील चाचणीचे, किमान ७० टक्के उगवणीच्या मानकाचे आणि पिशवीला लावलेल्या निळ्या प्रमाणपत्राचे. घरचे बियाणे वापरणारा शेतकरी मूर्ख नसतो. फक्त ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवणे आणि किती उगवले ते पाहणे, हे काम त्याला स्वतः करावे लागते.

वाइल्डफ्लाय आणि ईएपी यांचा संबंध बराचसा असाच आहे. क्रम मात्र येथे उलटा आहे. नवे काम प्रथम समुदायाच्या आवृत्तीत होते. त्यातील एखादी आवृत्ती निवडून, प्रयोगावस्थेतील घटक वगळून, ठरावीक कार्यप्रणाली व डेटाबेसवर तपासून तिची एंटरप्राइझ आवृत्ती बनविली जाते. मे २०१६ ची ईएपी ७.० ही वाइल्डफ्लाय १० वर आधारलेली होती, तर फेब्रुवारी २०२४ ची ईएपी ८.० ही वाइल्डफ्लाय २८ वर. म्हणजे नवेपणा हवा असणाऱ्यास फुकटची आवृत्तीच अधिक नवी मिळते. ‘एंटरप्राइझ म्हणजे अद्ययावत’ ही समजूत येथे पूर्णपणे उलटी पडते.

पैशांनी जे विकत मिळते ते निराळे आहे. २०१८ पासून वाइल्डफ्लायची नवी आवृत्ती साधारणतः दर तिमाहीस येते, आणि पुढची आली की मागचीकडे समुदायाचे लक्ष राहत नाही. दोष सापडला तर उत्तर एकच : नवी आवृत्ती घ्या. ईएपीचे तसे नाही. ईएपी ६ जून २०१२ मध्ये आली आणि तिची नियमित देखभाल जून २०१९ पर्यंत चालली. सात वर्षे त्याच मालिकेत, आज्ञावली न बदलता, केवळ दोषांची दुरुस्ती मिळत राहिली. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात सात वर्षे हा फार मोठा काळ होय. महाविद्यालयीन परिभाषेत सांगावयाचे तर वर्गणी ही वार्षिक देखभाल करारासारखी आहे. जनरेटर तोच असतो. तो बंद पडल्यावर कोणाला दूरध्वनी करावयाचा आणि येणारा माणूस किती वर्षे येत राहील, याचे ते पैसे आहेत.

या व्यवस्थेला एक अप्रिय बाजूही आहे आणि ती सांगणे आवश्यक आहे. जेबॉस एएस ७.१.१ ही समुदायाची आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. त्यानंतर वाइल्डफ्लाय ८ येईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे समुदायासाठी स्थापित करण्याजोगी तयार आवृत्ती प्रसिद्धच झाली नाही. या काळात दुरुस्तीचे काम थांबले नव्हते. ते एएस ७.२ या नावाने स्रोतरूपात होत होते आणि त्यातूनच ईएपी ६.१ बनली. स्रोत सर्वांना खुला होता; तयार वस्तू मात्र वर्गणीदारांना किंवा विकसनापुरती इतरांना उपलब्ध होती. परवान्याचा भंग कोठेही झाला नाही. तथापि मुक्तस्रोत असणे आणि हाताशी तयार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या दोन वर्षांनी अनेकांना शिकविले. स्रोतावरून स्वतः सर्व्हर बांधून घेण्याइतके मनुष्यबळ असलेल्या संस्थेला त्याची झळ लागली नाही. ज्यांच्याकडे ते नव्हते ते ७.१.१ वरच थांबून राहिले.

ग्लासफिशचे उदाहरण :

एंटरप्राइझ आवृत्ती घेतली की चिंता मिटली, असेही नाही. ग्लासफिश हा सनने २००५ मध्ये सुरू केलेला मुक्तस्रोत प्रकल्प. जावा ई-ई मानकाची संदर्भ-अंमलबजावणी म्हणून तो ओळखला जाई आणि नेटबीन्ससोबत सहज बसत असल्याने अनेक प्रयोगशाळांत शिकविलाही जाई. सन त्याचीच साहाय्यासह आवृत्ती विकत असे. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतली. ओरॅकलकडे २००८ पासून वेबलॉजिक होताच. एका दुकानात दोन सर्व्हर किती दिवस नांदणार? नोव्हेंबर २०१३ मध्ये ओरॅकलने जाहीर केले, की ग्लासफिश ४ पासून पुढे व्यापारी साहाय्य दिले जाणार नाही. ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्यापुढे वेबलॉजिककडे जाण्याचा मार्ग ठेवण्यात आला.

परंतु स्रोत खुला होता. इंग्लंडमधील सी-टू-बी-टू या सल्लागार संस्थेतून २०१४ मध्ये ‘पायारा’ हा सर्व्हर ग्लासफिशच्या स्रोतावर उभा राहिला. पुढे त्याच्याही कम्युनिटी व एंटरप्राइझ अशा दोन आवृत्त्या झाल्या. ग्लासफिश स्वतः एक्लिप्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या तेथून येत राहिल्या. जेबॉसच्या बाबतीत कंपनीने समुदायाला थांबावयास लावले, तर ग्लासफिशच्या बाबतीत कंपनीने सोडून दिलेले समुदायाने सांभाळले. वर्गणीने सर्व्हरची देखभाल मिळते. परवाना खुला असल्याने, देखभाल करणारा निघून गेला तरी दुसरा येऊ शकतो. पैसे भरणाऱ्या ग्राहकालाही या दुसऱ्या गोष्टीची गरज पडते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

२०१६ ची घटना :

देखभालीविना राहिलेल्या सर्व्हरचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण शिक्षणक्षेत्रातीलच आहे. एप्रिल २०१६ मध्ये सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा-संशोधन गटाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. जेबॉसच्या जुन्या दोषांमुळे धोक्यात असलेली सुमारे ३२ लाख यंत्रे त्यांना आढळली होती. सुमारे १,६०० पत्त्यांवर २,१०० हून अधिक चोरवाटा प्रत्यक्ष बसविल्या गेल्या होत्या. ‘सॅमसॅम’ नावाची खंडणीखोर आज्ञावली याच मार्गाने पसरत होती. बाधितांमध्ये शाळा होत्या आणि त्यांतील अनेक शाळांत ‘डेस्टिनी’ ही ग्रंथालय-व्यवस्थापन प्रणाली होती. या शाळांनी जेबॉस कधी विकत घेतला नव्हता, कदाचित त्याचे नावही ऐकले नव्हते. तो ग्रंथालयाच्या आज्ञावलीच्या पोटात होता. पुरवठादार फॉलेट कंपनीने त्यानंतर दुरुस्ती उपलब्ध करून दिली.

ज्या दोषांचा या हल्ल्यांत वापर झाला ते जुने होते. त्यांपैकी एक जेबॉसच्या नियंत्रण-पृष्ठाशी संबंधित होता. परवलीच्या शब्दाची अट केवळ दोन प्रकारच्या विनंत्यांना लावलेली होती. तिसऱ्या प्रकाराने विनंती केली की पहारेकरी विचारतच नसे. दोष ईएपीमध्येही होता. रेड हॅटने त्याची दुरुस्ती एप्रिल २०१० मध्येच दिली होती. जुन्या कम्युनिटी आवृत्त्यांत तर हे पृष्ठ मुळातच खुले असे. ते बंद करण्याची सूचना दस्तऐवजात दिलेली असे आणि ती वाचणे स्थापना करणाऱ्यावर सोडलेले होते. म्हणजे सहा वर्षे उत्तर उपलब्ध होते. हल्ला कम्युनिटी आवृत्तीमुळे झाला असे म्हणणे योग्य नव्हे. तो बसवून विसरून गेलेल्या सर्व्हरमुळे झाला. दुरुस्ती न बसविणारा वर्गणीदारही तितकाच उघडा होता.

महाविद्यालयांच्या दृष्टीने :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. व एम.फिल. प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती सादर करणे आवश्यक केले. त्यातून उभा राहिलेला ‘शोधगंगा’ हा इन्फ्लिबनेटचा संग्रह डीस्पेस या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो. नांदेड विद्यापीठाचे प्रबंधही त्यात आहेत. एमआयटीची ग्रंथालये व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली डीस्पेस ही जावामध्ये लिहिलेली असून ती परंपरेने टॉमकॅटवर चालत आली आहे. तिची एंटरप्राइझ आवृत्ती नाही; तरीही जगभरच्या संस्था ती वापरतात. इन्फ्लिबनेटसारख्या संस्थेत हे काम पाहणारी माणसे नेमलेली असतात, म्हणून फुकटचे तेथे टिकते. महाविद्यालयाने स्वतःचा संग्रह उभारावयाचे ठरविले, तर सॉफ्टवेअर विनामूल्यच मिळेल. माणूस मात्र मिळणार नाही, तो नेमावा लागेल. नॅकच्या भेटीच्या तोंडावर उभारलेले आणि भेटीनंतर कोणीही न उघडलेले संग्रह कोठेच नसतील, असे छातीठोकपणे म्हणणे कठीण आहे.

मग वर्गणी घ्यावी का? हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयापुरता विचार करता बहुतेक वेळा नको, असेच उत्तर द्यावे लागते. पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हरची वर्गणी महाविद्यालयाच्या एखाद-दुसऱ्या प्रणालीसाठी परवडणारी नाही आणि आवश्यकही नाही. विद्यापीठाची परीक्षाप्रणाली ही वेगळी बाब आहे. तेथे निकालाच्या दिवशी सर्व्हर बंद पडला तर अनेक जिल्ह्यांतील विद्यार्थी खोळंबतात, आणि तेथे देखभालीच्या कराराची किंमत त्या खोळंब्याच्या तुलनेत मोजली पाहिजे. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराविषयी जे धोरण जाहीर केले, त्यातही तुलनेच्या निकषांमध्ये सुरक्षितता, संपूर्ण आयुष्यभराचा खर्च आणि साहाय्याची गरज यांचा उल्लेख आहे. केवळ खरेदीच्या दिवशीची किंमत पाहावी, असे ते धोरण सांगत नाही.

वर्गणीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लहानशा जावा घटकात गंभीर दोष उघडकीस आला. हा घटक पुष्कळ ठिकाणी सर्व्हरमध्ये नव्हे, तर सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलीतच बांधलेला होता. सर्व्हरच्या वर्गणीने आज्ञावलीची दुरुस्ती होत नाही. ती लिहून देणारा पुरवठादार कामकाज बंद करून निघून गेला असेल, तर कोणतीही एंटरप्राइझ आवृत्ती त्या ठिकाणी उपयोगी पडणार नाही. यास्तव निविदेत आवृत्तीचे नाव विचारण्यापेक्षा आज्ञावलीच्या आत कोणता सर्व्हर व कोणते घटक आहेत, त्यांचे क्रमांक काय, त्यांची दुरुस्ती कोण आणि किती वर्षे करणार, हे लेखी मागणे अधिक हिताचे ठरते.

अध्यापनाशी निगडित एक मुद्दा राहतो. डिसेंबर २०२० च्या जकार्ता ई-ई ९ मध्ये मानकातील घटकांची नावे ‘जावाएक्स’ ऐवजी ‘जकार्ता’ या शब्दाने सुरू होऊ लागली. त्यामुळे टॉमकॅट ९ वर चालणारी प्रात्यक्षिके टॉमकॅट १० वर जशीच्या तशी चालत नाहीत. जुन्या पुस्तकातील आज्ञावली नव्या सर्व्हरवर बसविणाऱ्या विद्यार्थ्यास दोष स्वतःचा वाटतो, तो पुस्तकाच्या वयाचा असतो. ज्या विद्यार्थ्यांना पुढे पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे नोकरी शोधावयाची आहे, त्यांना हा बदल प्रयोगशाळेतच भेटलेला बरा. वाइल्डफ्लाय, पायारा कम्युनिटी व टॉमकॅट हे तिन्ही सर्व्हर त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत आणि प्रयोगशाळेपुरती एंटरप्राइझ आवृत्तीची कोणतीही गरज नाही.

कार्यालयासाठी एक साधी सोय टॉमकॅटच्या वेळापत्रकातच आहे. टॉमकॅट ७ ची देखभाल ३१ मार्च २०२१ रोजी थांबली आणि ८.५ ची ३१ मार्च २०२४ रोजी. महाविद्यालयाचे आर्थिक वर्षही त्याच तारखेस संपते, आणि त्या सुमारास डेड स्टॉक रजिस्टर पडताळले जाते. खुर्च्या, पंखे आणि संगणक यांच्या नोंदींखाली प्रत्येक सर्व्हरचे नाव, क्रमांक व देखभाल संपण्याची तारीख अशी एक ओळ त्याच नोंदवहीत घालता येते. त्यासाठी कोणत्याही आवृत्तीची वर्गणी भरावी लागत नाही.